टीबीच आहे, हे पटेपर्यंत

इंदापूरच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे. वारसनोंद असो, सातबाऱ्यावरील दुरुस्ती असो, शेतरस्त्याची तक्रार असो किंवा साधे प्रतिज्ञापत्र असो, कोणतेही म्हणणे साहेबांच्या गळी उतरेल अशा भाषेत मांडणे हा माझा व्यवसाय. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची गरज वकिलांनाही क्वचितच भासते, हे कचेरीत सर्वांना ठाऊक आहे. हे आरंभीच नमूद करण्याचे कारण असे की, ज्या प्रसंगाविषयी मी लिहीत आहे, त्यात मला एकच गोष्ट एकाच व्यक्तीस पटवून द्यावयाची होती. ती गोष्ट पूर्णपणे खरी होती. आणि तरीही मला ती पटवून देता आली नाही. ज्यांना ते साधले त्यांचे ऋण कोठेतरी लेखी असावे, अशी माझी इच्छा आहे.

ती व्यक्ती म्हणजे माझी पत्नी.

गेल्या गळीत हंगामात, कारखान्यांचे बॉयलर पेटले त्या सुमारास, तिला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. कोरडा खोकला होता, जेवण तुटले होते, आणि उजव्या कुशीत श्वासासरशी कळ येत असे. नळावरून कळशी आणताना ती दारातच टेकू लागली, तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेले. गावातल्या डॉक्टरांनी आधी खोकल्याचे औषध दिले, मग छातीचा फोटो काढावयास सांगितला. फोटोत उजवी बाजू खालून पांढरीफटक दिसत होती. "छातीत पाणी झालंय," ते म्हणाले, "बारामतीला छातीच्या डॉक्टरांना दाखवा."

छातीत पाणी, हे शब्द दुसऱ्या घरात कदाचित नुसतेच आजाराचे शब्द असतील. आमच्या घरात त्यांना इतिहास होता. माझ्या पत्नीची थोरली बहीण भवानीनगरला दिलेली होती. काही वर्षांपूर्वी तिच्याही छातीत असेच पाणी झाले आणि तपासणीत कर्करोग निघाला. आमच्याकडे अशा वेळी रीत अशी आहे की, निकाल ऐकायला पुरुष माणसे जातात आणि रोग्याला झेपेल तेवढेच सांगितले जाते. वडीलधाऱ्यांनी बसून ठरविले की तिला टीबी असल्याचे सांगावे. टीबी म्हटले की अशक्तपणाचा उलगडा होतो, आणि गोळ्यांनी माणूस बरे होते ही आशाही राहते. हे सांगण्याचे काम माझ्या पत्नीवर आले, कारण थोरलीचा तिच्यावर सर्वाधिक विश्वास होता. तिने ते अखेरपर्यंत निभावले. थोरली शेवटच्या आठवड्यातही गोळ्या संपल्यावर कोणत्या गावच्या जत्रेला जायचे ते ठरवीत होती.

म्हणून बारामतीस जाण्याच्या आदल्या संध्याकाळी माझी पत्नी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "त्ये असंल तर मला पुण्याला न्यायचं न्हाय. सुया टोचायच्या न्हाईत. हितंच ऱ्हाईन."

मी हो म्हणालो.

"नुसतं हूं करू नका. अर्ज घेऊन फायलीत टाकत्यात तसं माझं बोलनं घेऊ नका."

सकाळच्या एसटीत लासुर्ण्याला तिचा धाकटा भाऊ चढला. हा माझा मेहुणा जनावरे सांभाळून आहे आणि संकलन केंद्रावर दूध घालतो. जगातील प्रत्येक गोष्ट तो दुधाच्या मापाने मोजतो. स्वभावाने निर्मळ, परंतु कोठे काय बोलावे याचे भान त्याला कमी. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत गाडी बारामतीस पोहोचेपर्यंत त्याने आपल्या बहिणीला नव्याने व्यालेल्या गाईविषयीच सांगितले. ती ऐकत राहिली. दोघेही दुसऱ्या कशाविषयी बोलू इच्छीत नव्हते, हे माझ्या लक्षात आले होते.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पत्नीला पुढे उशीवर वाकवून बसविले, पाठीतून सुई घातली आणि पाणी काढले. फिकट पिवळे, निवळ पाणी. नर्सने बाटली बाजूला ठेवली, तेव्हा मेहुणा वाकून बाटलीकडे बघू लागला आणि म्हणाला, "ह्याचं फॅट लावत्यात व्हय?" मी त्याला डोळ्यांनीच दटावले. नर्सने तोंड फिरविले. माझ्या पत्नीच्या ओठांवर मात्र त्या सबंध दिवसात प्रथमच हसू आलेले मी पाहिले. पाणी निघाल्यावर तिचा श्वासही मोकळा झाला.

मी डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन स्पष्ट विचारले. त्या म्हणाल्या की थुंकीत जंतू सापडलेले नाहीत, पण त्यावरून टीबी नाही असे ठरत नाही. फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात टीबीचे जंतू मुळात थोडे असतात आणि तपासणीत पुष्कळदा हातीच लागत नाहीत. म्हणून त्या पाण्यातील पेशी कोणत्या जातीच्या आहेत, त्यात कर्करोगाच्या पेशी दिसतात का, हे बघतात, आणि एडीए नावाचे एक एंझाइम मोजतात. त्याचे लांबलचक संपूर्ण नाव मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले. एखादी संज्ञा अर्धवट माहीत असणे मला खपत नाही.

रिपोर्ट माझ्या फोनवर आला, तेव्हा मी टेबलावर बांधाच्या भांडणाचा एक अर्ज लिहीत होतो. इंग्रजी मला कामापुरते येते. मी रिपोर्ट उघडला, आणि माझी नजर थेट एडीएच्या ओळीवर गेली. आकडा ठळक छापलेला, त्यापुढे मर्यादा दिलेली, आणि आकडा ती मर्यादा ओलांडून बराच पुढे गेलेला.

आमच्या कचेरीच्या जगात मर्यादा ओलांडलेला आकडा कधीही चांगला नसतो. उत्पन्न मर्यादेबाहेर गेले की दाखला नाकारला जातो. अपील मुदतीबाहेर गेले की फेटाळले जाते. बांधकाम मंजुरीबाहेर गेले की नोटीस येते. इतकी वर्षे मी हेच वाचत आणि लिहीत आलो आहे. त्यामुळे खालच्या बाजूस पेशींविषयी जे लिहिले होते ते वाचण्यासाठी माझे डोळे थांबलेच नाहीत. मी फोन पालथा ठेवला आणि समोरच्या पक्षकारास सांगितले की तुमचे काम उद्या होईल. तो म्हणाला, "रायटरसाहेब, निम्मा अर्ज झालाय की." मी कागद गोळा करू लागलो.

घरी पत्नीने विचारले. रिपोर्ट अजून आलेला नाही, असे मी सांगितले. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ताट वाढले.

दुसऱ्या दिवशी मी तिला घरीच ठेवले आणि मेहुण्यास घेऊन बारामतीस निघालो. गाडीत त्याला फोनवरील तो आकडा दाखविला, कारण असे ओझे एकट्याने वाहणे मला अवघड झाले होते. त्याने फोन लांब धरून पाहिला.

"वाढलाय नव्हं? मग चांगलंच की, दाजी. आमच्या डेअरीत आकडा वाढला की दर वाढतो."

माणसाची छाती म्हणजे दुधाची किटली नव्हे, असे मी त्याला कठोर शब्दांत बजावले.

"तुमच्या हापिसात वाढलेलं समदं वाईट असतंय," तो म्हणाला, "ती तुमच्या हापिसाची तऱ्हा." मग तो खिडकीबाहेर पाहू लागला. भवानीनगरचा थांबा आला तेव्हा त्याने पलीकडे मान वळविली. त्याच गावात त्याने एक बहीण घालविली होती.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. "काका, हा आकडा वाढलाय ही आपल्या बाजूची गोष्ट आहे."

त्यांनी समजावले ते असे. टीबीच्या जंतूंशी लढायला शरीर एका जातीच्या पांढऱ्या पेशी त्या पाण्यात पाठविते. त्या पेशी कामाला लागल्या की हे एंझाइम वाढते. जंतू स्वतः सापडला नाही तरी त्याच्याशी चाललेल्या लढाईची खूण त्या आकड्यात सापडते. पत्नीच्या पाण्यात त्याच जातीच्या पेशी भरपूर होत्या आणि कर्करोगाची एकही पेशी दिसली नव्हती. सोबत संध्याकाळचा ताप आणि उतरलेले वजन होतेच. हा सगळा पुरावा एकत्र धरला असता तो टीबीकडे बोट दाखवीत होता, आणि टीबी औषधाने बरा होतो. परिस्थितीजन्य पुराव्याचे महत्त्व मला सांगण्याची आवश्यकता नव्हती. मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो.

मेहुणा माझ्याकडे पाहत होता. त्याचा निष्कर्ष बरोबर असला तरी कारण सपशेल चुकीचे होते, हे मी त्याला जिन्यातच स्पष्ट केले.

"कारन चुकलं असंल," तो म्हणाला. "आक्का वाचली का न्हाय?" एवढे बोलून त्याने उपरण्याने तोंड पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिला.

निघताना डॉक्टरबाईंनी मात्र एक प्रश्न विचारला होता. रिपोर्ट काकूंचा आहे, मग त्या कुठे आहेत? त्यांना उद्या घेऊन या, त्यांच्याशी मी बोलेन. मला वाटले, त्याची काय गरज आहे. आनंदाची बातमी सांगण्यास डॉक्टर कशाला लागतो?

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा ती परातीत पीठ मळीत होती. मी प्रास्ताविक करणार, तोच मेहुणा उंबऱ्यातूनच म्हणाला, "आक्का, टीबी हाय. गोळ्यांनी बरी व्हशील."

तिचे हात पिठातच थांबले. ती आमच्या दोघांकडे पाहून हसली, आणि ते हसू मला अजून आठवते.

"हेच," ती म्हणाली. "ह्याच शब्दांत मी तिला सांगितलं हुतं."

मी पुढे सरसावलो. माझ्या व्यवसायाने मला जे जे शिकविले ते सर्व मी त्या स्वयंपाकघरात पणाला लावले. रिपोर्ट वाचून दाखविला, पेशींचे सांगितले, आकड्याचा अर्थ उलगडून सांगितला, डॉक्टरबाईंचे म्हणणे ठामपणे मांडले. मी जसजसा बोलत गेलो तसतशी ती अधिकच शांत होत गेली.

"काल रिपोर्ट आला न्हवता म्हनालात," ती म्हणाली. "तुमचं तोंड बघितलं तवाच कळलं मला काय आलंय त्ये. आन आज येवढं नटवून सांगताय."

मेहुणा देवाची शपथ घेऊ लागला. तिने त्याला थांबविले. "मीबी घेतली हुती. तिच्या डोक्यावर हात ठेवून."

तिने पीठ झाकून ठेवले आणि सांगून टाकले की गोळ्या आणल्या तरी त्या ती घेणार नाही. खोट्या गोळ्या गिळत दिवस मोजायचे नाहीत, जे आहे ते उघड्या डोळ्यांनी भोगायचे, हे तिने थोरलीच्या उशाशी बसूनच ठरविले होते. त्या रात्री मला जे भय वाटले ते रिपोर्टाच्या भयाहून मोठे होते. औषध असलेला आजार घेऊन ती औषधाविना जाणार, आणि तीही आमच्या शब्दावर विश्वास न बसल्यामुळे!

सकाळी ती आपणहून तयार झाली. एकाच अटीवर: "मी येकटी बोलनार बाईंशी. तुमी दोघं भायेर."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आत काय झाले ते मला नंतर दोघींकडून तुकड्यातुकड्याने कळले. पत्नीने आत जाताच सांगितले, "बाई, मला बरं वाटावं म्हनून काय सांगू नका. हाय त्येच सांगा." डॉक्टरबाईंनी तिला थोरलीविषयी विचारले आणि ते पूर्ण ऐकून घेतले. मग त्यांनी रिपोर्ट तिच्यासमोर ठेवून तेच समजावले जे आम्हाला समजावले होते, परंतु त्यात आम्ही घरी सांगताना वगळलेला एक भाग होता. त्या म्हणाल्या की नुसत्या या आकड्यावर शंभर टक्के काही सांगता येत नाही. पू झाला, सांध्यांचे काही आजार असले, काही प्रकारचे रक्ताचे कर्करोग असले, तरी तो वाढू शकतो. तुमच्या बाबतीत इतर सगळ्या गोष्टी टीबीशी जुळतात, म्हणून औषध सुरू करायचे. काही आठवड्यांत ताप गेला नाही, वजन वाढले नाही, तर छातीच्या आतल्या अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासू, आणि जे निघेल ते तुम्हालाच आधी सांगेन.

ती बाहेर आली आणि बाकावर आमच्या मध्ये बसली. काय झाले म्हणून मी विचारले.

"निम्मं पटलं," ती म्हणाली.

"निम्मे कसे?"

"तिनं नक्की म्हटलं न्हाय. मी थोरलीला सांगताना हर येळेला नक्की म्हनायची."

इतक्या वर्षांत अर्जाच्या एकाही ओळीत मी 'कदाचित' हा शब्द येऊ दिला नाही. त्या बाईंनी तो वापरून जे मिळविले ते मला माझ्या सर्व युक्तिवादांनी मिळाले नव्हते. मी हे येथे मोकळेपणाने लिहितो, कारण ते लिहिण्यानेच त्यांचे मोठेपण दिसते.

उरलेले निम्मे घरी पटले. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद करावी लागते, त्याप्रमाणे डॉक्टरबाईंनी ती केली होती. गोळ्या फडताळात येऊन पडल्या होत्या, पण पाकीट फुटलेले नव्हते. दुपारी एक आरोग्य कार्यकर्ती स्कूटीवरून आमच्या दारात उतरली. बहिणीसाठी दही घेऊन मेहुणाही नुकताच आलेला होता. आमच्या दोन्ही मुली सासरी, त्यामुळे घरात आम्ही तिघेच.

ती बाई मोठी नेटकी होती. पत्नीची विचारपूस झाल्यावर तिने मोर्चा माझ्याकडे वळविला. खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरले आहे का. मी सांगितले की मला जो खोकला आहे तो जुन्या दप्तरांतील धुळीचा असून त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

"ते फोटोत दिसेल, काका," ती म्हणाली. "छातीचा फोटो काढून घ्या. आणि थुंकीसाठी ही डबी."

मी तिला माझ्या व्यवसायाचे स्वरूप समजावून सांगू लागलो, तोपर्यंत ती मेहुण्याकडे वळली होती.

"मला काय झालंय? मी लासुर्ण्याचा," तो म्हणाला.

"बहिणीकडे किती दिवस राहता?"

"हितं काय ऱ्हातोय, येतो जातो."

"मग येता-जाता तुम्हीही दाखवून घ्या. लासुर्ण्यातही छाती असतेच की माणसाला."

माझी पत्नी दाराच्या चौकटीला टेकून हे सगळे पाहत होती. तिने मध्येच विचारले, "बाई, मला दुसरा कसला आजार आसता, तर आला आसता तुमी?"

"नाही हो. मी फक्त टीबीच्याच घरांना जाते. घरातल्या बाकीच्यांना लागलाय का ते बघावं लागतं."

पत्नी हळूहळू खाली बसली. स्कूटी वळल्यावर म्हणाली, "थोरलीच्या घरी कुनीबी आलं न्हवतं."

मेहुणा दह्याचे भांडे घेऊन उभाच राहिला.

"आमी येवढं टीबी टीबी करत हुतो, आन घरातल्या येकाचीबी छाती कुनी बघितली न्हाय. तिनं इचारलं हुतं मला, पोरींना लागनार न्हाय नव्हं? मी म्हनलं, न्हाय." ती रडू लागली. थोरली गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती, कारण तेव्हा घर सांभाळायला तीच होती. मेहुणा तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि काहीच बोलला नाही. त्याने न बोलण्याची ती एकमेव वेळ मला आठवते, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

थोड्या वेळाने तिने पदराने डोळे पुसले. "गोळ्या कुठं ठेवल्यात?" तिने विचारले.

त्यानंतरचे सांगण्यासारखे फार नाही, आणि तेच त्यातले सुख आहे. पहिल्या महिन्यात मळमळ होई. लघवी केशरी होईल हे डॉक्टरबाईंनी आधी सांगितले होते, आणि ती तशी झाली. मग संध्याकाळचा ताप येईनासा झाला. उसाची तोड संपली, उन्हाळा गेला. ब्लाउज सैल झाल्याची तक्रार थांबून घट्ट झाल्याची सुरू झाली. औषधाची मुदत पुरी झाली तेव्हाच्या फोटोत कडेला एक जुनी पुसट रेघ तेवढी उरली होती. माझ्या फोटोत काहीही निघाले नाही, हे मी आधीच सांगितले होते.

मी डॉक्टरबाईंना आभाराचे सविस्तर पत्र लिहून नेऊन दिले. त्यांनी ते उघडले, पाने पाहिली आणि म्हणाल्या, "काका, हे घरी निवांत वाचते." वाचले असावे. त्या पत्रात मी त्यांचे, त्या कार्यकर्तीचे, आणि ज्याला आम्ही कधी पाहणार नाही अशा प्रयोगशाळेतील माणसाचे आभार मानले आहेत, ज्याने बाटलीतले थोडेसे पाणी घेऊन तो आकडा नीट मोजला. फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात असे काही मोजून पाहावे, हे ज्या कोणाला सर्वप्रथम सुचले, त्याचेही मानले आहेत. त्याला आमचा तालुका ठाऊक नसेल. तरीही माझे घर आज भरलेले आहे ते त्याच्या त्या सुचण्यामुळे.

शेवटच्या तपासणीहून परतताना गाडी भवानीनगरला थांबली, तेव्हा पत्नी उतरायचे म्हणाली. थोरलीच्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत. ती त्यांच्या घरी गेली, दोघींना समोर बसविले आणि त्यांच्या आईला खरोखर काय झाले होते ते त्यांना सांगितले. आपण काय म्हणालो होतो, तेही सांगितले. मी ओसरीवर बसून होतो. आतून दोघींतल्या मोठीचा आवाज आला, "मावशी, आईला कळलं हुतं. ती म्हनायची, मावशीला सांगू नको, तिला वाईट वाटंल."

परतीच्या गाडीत पत्नी खिडकीशी बसली होती. जंक्शन नावाचे गाव मागे पडल्यावर तिने माझ्याकडे वळून सांगितले की पुढे कधी मला काही झाले, किंवा तुम्हाला झाले, तर जे असेल ते एकमेकांना त्याच दिवशी सांगायचे. मी होकार दिला. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, आणि मग तिने डोके मागे टेकून डोळे मिटले. इंदापूर येईपर्यंत ती शांत झोपली होती, उजव्या कुशीवर कलून.